पाळकांना 'नाही' म्हणता येतं का?

कोकणपट्टीतून येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक विषय सारखा डोकावतो: घरांत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या लहान स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्या, तिथला एकट्या पाळकाच्या (पास्टरच्या) हातातला कारभार, आणि त्यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची सक्ती. या वेळचं सदर त्या पत्रांसाठी. माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. मी समुपदेशनाचं काम करते आणि स्वतः विश्वासणारी आहे. मंडळीच्या आधारावर उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणूनच ही पत्रं वाचून जास्त वाईट वाटतं.

देवगड तालुक्यातून एक ताई लिहितात: माझ्या नवऱ्याने मीटिंगमध्ये बांधकाम फंडाचा हिशोब विचारला. पुढच्या रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं, "त्या घरात बंडखोरीचा आत्मा शिरला आहे, त्यांच्याशी कुणी सहभागिता ठेवू नये." माझी सख्खी बहीण मुलीच्या साखरपुड्याला आली नाही. माझ्याकडून पापड आणि कोकम नेणाऱ्या बायकांनी येणं बंद केलं. हे वाळीत टाकणंच ना?

हो ताई, वाळीत टाकणंच आहे, आणि महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. रायगड जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी गाजल्या, त्यानंतर २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. हा कायदा फक्त जातपंचायतीसाठी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. पण जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एका धर्माचे वा पंथाचे झालेले लोकही त्यातल्या 'समाज' या व्याख्येत येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणाराही त्यातून सुटत नाही.

तक्रार लिहिताना मात्र एक फरक लक्षात ठेवा. सभासदत्व काढून घेणं किंवा प्रभुभोजन न देणं याला मंडळी आपली अंतर्गत शिस्त म्हणेल, आणि त्या बाजूने बोलायला तिच्याकडे आधार आहे. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मुंबई प्रांताचा १९४९ चा बहिष्कारबंदी कायदा रद्द केला होता, कारण धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा पंथाचा घटनेने दिलेला हक्क मानला गेला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्याचा आदेश झाला. म्हणून "मला उपासनेला बसू देत नाहीत" यावर तक्रार उभी करू नका. बहिणीला साखरपुड्याला जाऊ दिलं नाही, गिऱ्हाईक तोडलं, यावर करा. कोणत्या रविवारी, काय शब्द, कोण कोण हजर होतं, हे आजच लिहून काढा. ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा. विक्रीची वही असेल तर आधीचे आणि नंतरचे महिने दाखवा. पोलीस ठाण्यात जाता येतं, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही तक्रार करता येते.

बहिणीचं नाव तक्रारीत घालू नका. पुढच्या रविवारी आपलं नाव पुकारलं जाईल या भीतीत तीही जगते आहे. लग्नाची पत्रिका स्वतः नेऊन तिच्या हातात द्या, पाळकांचा विषय काढू नका. ती आली नाही तरी सणावाराला निरोप पाठवत राहा. अशा मंडळीतून माणूस बाहेर पडतो तेव्हा बाहेर ओळखीचं दार उघडं आहे का, हे तो आधी बघतो.

हर्णै परिसरातून एक तरुण लिहितो: आमची स्वतःची बोट आहे, पण मला जहाजावर नोकरी मिळते आहे. लग्नही ठरवायचं आहे, मुलगी दुसऱ्या मंडळीतली. पाळक दोन्हीला नाही म्हणतात. "माझ्या आच्छादनाखालून बाहेर गेलास तर आशीर्वाद जाईल," म्हणतात. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन आणि इब्री १३:१७ दाखवतात. तरुणांच्या गटात दर शुक्रवारी आम्ही पापं कबूल करतो, लीडर ती वहीत लिहून ठेवतात. सोडून जाणं देवाचा द्रोह ठरेल का?

नाही. तुमची भीती वचनांतून आली आहे, म्हणून उत्तरही वचनांतूनच देते.

'अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मध्ये आहे. पंधराव्या ओवीवर न थांबता बाराव्यापासून वाचा. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची माणसं: संख्येने थोडी, परक्या मुलखात या राज्यातून त्या राज्यात फिरणारी, अंगावर सत्ता नसलेली. आणि ताकीद मिळते ती राजांना. दुबळ्यांना बलवानांपासून वाचवणारं हे वचन आहे. ते बलवानाच्या हातात देऊन दुबळ्याला गप्प करणं म्हणजे वचन उलटं धरणं.

पाळक दाविदाचंही उदाहरण देत असतील, कारण जिवावर उठलेला शौल राजा हाती सापडूनही दाविदाने त्याला मारलं नाही. १ शमुवेल २४ शेवटपर्यंत वाचा. दाविदाने हात उचलला नाही, पण तो गुहेबाहेर आला, शौलाच्या झग्याचा कापलेला तुकडा वर धरला आणि सगळ्या सैन्यादेखत त्याला जाब विचारला. शौल रडला, चूक कबूल केली. अध्याय संपतो तेव्हा शौल आपल्या घरी जातो आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर. तो शौलाच्या पदरी परतला नाही. त्याला कुणी द्रोही म्हटलेलं नाही.

इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांचं ऐका असं आहेच, ते मी नाकारत नाही. पण त्याच वाक्यात पुढाऱ्यांना हिशोब द्यावा लागणार आहे, हेही आहे. पेत्र तर मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, स्पष्ट बजावतो की सोपवलेल्या लोकांवर धनीपण करू नका (१ पेत्र ५:३). बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्राशी रोज ताडून पाहिलं, आणि त्यासाठी त्यांची वाखाणणी झाली. पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केला. प्रेषिताला विरोध चालत असेल, तर हर्णैच्या पाळकाला का चालू नये?

'आच्छादना'ची, म्हणजे पाळकाच्या अधिकाराखाली राहिलं तरच देवाचा आशीर्वाद टिकतो ही शिकवण तुमच्या पाळकांची स्वतःची नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये पाच नामवंत शिक्षक एकत्र आले आणि प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका 'मेंढपाळा'च्या अधीन राहावं, असं शिकवू लागले. नोकरी, घर, लग्न, पैसा, सगळं त्याला विचारून. १९७५ पर्यंत करिश्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या, मंडळ्यांत त्यावरून मोठं वादळ उठलं. त्या पाचांपैकी एक, बॉब ममफर्ड, यांनी १९९० मध्ये जाहीर माफी मागितली. बोस्टनमध्ये १९७९ साली किप मॅककीन यांनी उभ्या केलेल्या चळवळीतही प्रत्येक सभासदावर एक शिष्यगुरू नेमलेला असे. २००२ मध्ये मॅककीन पायउतार झाले आणि पुढच्या वर्षी ठिकठिकाणच्या पुढाऱ्यांना आपल्याच सभासदांची माफी मागावी लागली. ज्यांनी ही शिकवण पसरवली त्यांच्यातल्याच काहींनी ती चूक मानली. आपल्याकडे ती परवाच स्वर्गातून उतरल्यासारखी सांगितली जाते, याची मला चीड येते.

आता व्यवहाराचं. कबुली देणं या शुक्रवारपासून थांबवा. "यापुढे मी हे देवाशी बोलेन," एवढंच सांगा. वही परत मागा, मिळेल अशी आशा मात्र धरू नका. त्यातलं काही फोडण्याची धमकी आली तर ती फौजदारी धाकदपटशा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ त्यासाठीच आहे. नोकरीची परवानगी मागू नका, माहिती द्या: "मी अमुक तारखेला रुजू होतोय, प्रार्थना करा." या वाक्यावर पाळक काय करतात ते नीट पाहा. रागावले, समजावलं, तरी शेवटी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तर तो जुन्या वळणाचा पण प्रेमाचा माणूस असू शकेल. शाप सांगितला, आईवडिलांना बोलावून दम दिला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. लग्नही त्यांच्यावाचून अडत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना असलेले दुसरे पाळक आहेत, विवाह निबंधक आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊनही लग्न होतं.

मुंबईहून एक चाकरमानी: गावी आई एकटी असते. प्रार्थनेने साखर बरी झाली अशी साक्ष द्यायला लावल्यापासून तिने इन्सुलिन बंद केलंय. पुन्हा घेतलं तर अविश्वास ठरेल, असं तिला सांगितलंय.

हे वाचाल त्या दिवशीच गावी निघा. शेजाऱ्याला फोन करून आजच तिची साखर तपासून घ्या. इन्सुलिन अचानक बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका. शास्त्रार्थ नंतर. आईला पटवायला एवढंच सांगा: हिज्कीया राजा मरायला टेकला तेव्हा यशया संदेष्ट्याने प्रार्थनेबरोबर गळवावर अंजिराचं पोटीस लावायला सांगितलं (२ राजे २०:७). लूक स्वतः वैद्य होता, आणि वेंगुर्ल्यात मिशनने उभारलेल्या दवाखान्याला नावही त्याचंच, सेंट ल्यूक्स. प्रार्थना चालू ठेवावी आणि सुईही, दोन्ही देवाच्याच हातचं.

गुहागरहून: दशमांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या भागाची) पाकिटं नावानिशी असतात आणि ज्यांचं आलं नाही त्यांची नावं रविवारी वाचली जातात. जमलेल्या पैशातून घेतलेली जागा पाळकांच्या स्वतःच्या नावावर आहे, असं आता कळलं.

आधी सातबारा काढा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मग मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला आहे का ते जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० हा मंदिर, मशीद, चर्च सगळ्यांना सारखाच लागू आहे. नोंदणी असेल तर विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती हे नोंदवहीच्या उताऱ्यावर दिसतं, आणि दरवर्षी हिशोबांचं ऑडिट बंधनकारक असतं. ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेली व्यक्ती म्हणून तुम्हाला अर्ज करता येतो. नोंदणीच नसेल आणि जागा त्यांच्या नावावर असेल तर वकील लागेल. पावत्या, बँकेतून दिलेले पैसे, 'मंडळीच्या जागेसाठी' असं लिहिलेले मेसेज, सगळं जमवून ठेवा.

नावं वाचण्याबद्दल: बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४ वा अध्याय उघडा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून गावात ठेवायचा होता. दशमांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं, हे मलाखीचं वचन रविवारी ज्यांच्यासमोर वाचतात, त्यांना हेही ऐकायचा हक्क आहे. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत बोट किनाऱ्याला ओढलेली असताना ज्या घरात चूल कशीबशी पेटते, त्या घराचं नाव रिकाम्या पाकिटासाठी पुकारणं पाप आहे, असं मी सरळ म्हणते.

नाव न देता: पाळकांनी मुलींशी गैरवर्तन केल्याचं आम्हा तिघा-चौघांना माहीत आहे. पण तक्रार केली तर चर्चविरोधी लोक टपलेलेच आहेत. ते सगळ्याच ख्रिस्ती लोकांवर तुटून पडतील.

मुली अठराच्या आतल्या असतील तर विचार करायला वावच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन चोवीस तास असते. अठराच्या वरच्या असतील तर निर्णय त्या मुलींचा. तुम्ही त्यांच्या मागे उभं राहायचं.

तुमची भीती मी हलकी मानत नाही. वस्तीवर दगड येतात तेव्हा ते दोषी कोण, निर्दोष कोण बघून येत नाहीत. पण 'घरचं बाहेर नको' म्हणून झाकून ठेवल्याचं फळ कॅथलिक चर्चने भोगलेलं आहे. बोस्टनमधली प्रकरणं २००२ मध्ये उघड झाली तेव्हा लोकांना सगळ्यात जास्त संताप आला तो धर्मगुरूंच्या बदल्या करून गोष्टी दडपल्याचा. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणं धर्मगुरू आणि संन्यासिनींवर बंधनकारक केलं. एवढ्या मोठ्या संस्थेला ते शिकायला इतकी वर्षं लागली, तुम्ही तेवढी घालवू नका.

तक्रार स्वतः लिहा, तुमच्या वकिलासमोर. त्यात वागणूक लिहा: तारीख, जागा, काय केलं. श्रद्धा, धर्मांतर, प्रार्थनासभा यांबद्दल अक्षरही नको. कुठल्याही पक्षाच्या किंवा संघटनेच्या माणसाला सोबत नेऊ नका, तो कितीही मदतीचा वाटला तरी. पत्रकारांना मुलींची नावं किंवा फोटो देऊ नका. शक्य असेल तर दुसऱ्या मंडळीतले एक-दोन जाणते विश्वासणारे बरोबर घ्या, म्हणजे ख्रिस्ती लोकच आपल्या मुलींसाठी उभे आहेत हे ठाण्यात दिसेल.

सावंतवाडीकडून एका मंडळीचे वडील: आमच्याकडे दारू, तंबाखू चालत नाही, उपासना चुकवलेली चालत नाही. लोक आम्हाला कडक म्हणतात. आम्हीही त्याच माळेतले का?

कडक असणं हा दोष नाही. दारूने घरं बुडालेल्या वाडीत तुमचा नियम कित्येक बायकांना आधार वाटत असेल. मी तीन गोष्टी विचारेन. नियम पाळकांनाही तेवढाच लागू आहे का? पाळक चुकले तर त्यांना कोण थांबवू शकतं? कॅथलिक पॅरिशमध्ये धर्मगुरूंची बदली बिशप करतात आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे अर्थसमिती असावीच लागते, उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पाळकाच्या वर धर्मप्रांत आणि सिनड ही सर्वोच्च सभा आहे. या व्यवस्थाही कधी कधी कमी पडतात, पण अर्ज कुठे करायचा हे तरी माणसाला ठाऊक असतं. स्वतंत्र मंडळीत ते तुम्हालाच लिहून ठेवावं लागेल, कारण योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रेफेस, ज्याला पहिलं राहायची हौस होती आणि जो भावांचं स्वागत करणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत होता, तो पहिल्या शतकातच हजर होता.

आणि तिसरी, सोडून गेलेल्यांशी तुम्ही कसे वागता? गेल्या काही वर्षांत जी कुटुंबं गेली त्यांची यादी करा आणि पाळकांना न घेता त्यांच्या घरी जाऊन या. परत या म्हणू नका. का गेलात एवढंच विचारा, मध्ये न बोलता ऐका, आणि जे सांगतील ते पुढच्या कमिटीच्या बैठकीत पाळकांसमोर जसंच्या तसं वाचा.