मॅट नुसती मऊ नको, तिने क्लबला वाट द्यायला हवी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. घरी सरावासाठी कोब्यावर कृत्रिम गवताचा तुकडा चिकटवला आहे आणि समोरच्या जाळीत चेंडू मारतो. हल्ली डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, भरलेला कप उचलतानाही कळ येते. दुसरी गोष्ट, मॅटवर माझे आयर्न (धातूच्या पात्यासारख्या डोक्याच्या काठ्या) झकास लागतात, पण मैदानावर गेलं की चेंडूच्या आधी माती उडते आणि चेंडू अर्ध्या वाटेत पडतो. खाली जाड फोम टाकला तर दोन्ही प्रश्न सुटतील का? स्वतः चांगली मॅट बनवायची तर कशी?

उत्तर : नमस्कार. नुसता फोम टाकून सुटणार नाहीत. पण तुमचं पत्र वाचून एका गोष्टीचं बरं वाटलं, ती म्हणजे दोन्ही तक्रारी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात. बहुतेक लोक कोपर घेऊन डॉक्टरांकडे जातात आणि स्विंग घेऊन कोचकडे. मॅटकडे कोणी बघतच नाही. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे : तुमच्या क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, खाली जायला जागा नाही.

आधी कोपराचं. दुखणं थांबेपर्यंत मॅटवर आयर्न मारणं बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या कोपराला बाहेरून होणारा हा त्रास हौशी गोल्फरांमध्ये नेहमीचा आहे, आणि नाव ‘टेनिस एल्बो’ असलं तरी त्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही. कधी डाव्या तळहाताच्या करंगळीकडच्या भागात, मनगटाजवळ दुखायला लागलं तर मात्र अजिबात थांबू नका. ग्रिपचं, म्हणजे क्लबच्या मुठीचं, टोक नेमकं तिथे असतं. जोराचा धक्का बसला की तिथल्या हॅमेट नावाच्या लहानशा हाडाचा आकड्यासारखा भाग मोडू शकतो, आणि साध्या एक्स-रेमध्ये तो दिसतोच असं नाही. आपण गोल्फ खेळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता मॅट. माझं रोजचं काम बुटांच्या तळव्यांसाठी रबर आणि फोमचे थर ठरवण्याचं. त्यामुळे मी मॅटकडेही ‘क्लब किती अंतरात थांबतो’ याच नजरेने बघते. सात नंबरच्या आयर्नचं डोकं साधारण २७० ग्रॅमचं असतं. हौशी खेळाडूच्या हातात ते सेकंदाला ३४ मीटरच्या आसपास वेगाने येतं असं धरू, आणि उतरण्याचा कोन ५ अंश. म्हणजे सरळ खालच्या दिशेचा वेग सेकंदाला ३ मीटर. हा वेग ३ मि.मी.मध्ये मारला गेला तर सरासरी जोर सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलो वजनाइतका होतो. तोच १२ मि.मी.मध्ये मारला गेला तर १०० न्यूटन. अंतर चौपट, जोर पाव. कोब्यावर चिकटवलेलं पातळ गवत तुम्हाला ते जास्तीचं अंतर देतच नाही, आणि उरलेला सगळा धक्का शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांड्यातून, मनगटात आणि कोपरात जातो. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्शच जेमतेम अर्धा मिलिसेकंदाचा असतो, स्नायूंना सावरायला वेळच नसतो.

तुमच्या फसव्या ‘झकास’ शॉटचं कारणही हेच. आयर्नच्या चांगल्या शॉटमध्ये क्लब आधी चेंडूला लागतो आणि मग पुढे जमिनीत उतरतो. डिव्हॉट, म्हणजे माती उडून होणारा खड्डा, चेंडूच्या पुढे पडतो. तुमचा क्लब चेंडूच्या दोन-तीन इंच मागे टेकतो आहे. मैदानावर तिथेच माती खणली जाते, वेग मरतो. कडक मॅटवर सोल (क्लबच्या डोक्याचा तळ) टेकतो, उसळतो, घसरत पुढे येतो आणि चेंडूला बऱ्यापैकी लागतो. चूक झाल्याचं डोळ्यांना कळत नाही, कानाला फार तर ‘टप’ असा जादा आवाज येतो. कोपराला मात्र दर वेळी कळतं. म्हणून मी सुरक्षित मॅट आणि खरीखुरी मॅट असे दोन वेगळे प्रकार मानत नाही. जिथे क्लब उसळतो तिथे शरीराला इजा होते आणि स्विंगचीही दिशाभूल होते.

मग नुसता जाड फोम का नको? दोन कारणं आहेत. पहिलं, गवताच्या मागचं कापड. स्वस्त गालिच्याला मागून लॅटेक्सचा कडक थर असतो. तो चारही कडांनी चिकटवला की ढोलकीच्या पानासारखा ताणून बसतो आणि खालचा फोम कितीही मऊ असला तरी वर त्याचा पत्ता लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : क्लब फक्त खाली येत नाही, त्याचा बहुतेक सगळा वेग पुढच्या दिशेला असतो. खरी हिरवळ फाटते, सरकते, वाट देते. मऊ फोमवर घट्ट चिकटवलेलं गवत वाट देत नाही. सोल त्यात रुततो आणि पुढचा उंचवटा त्याला अडवतो. मनगटाला बसणारा हा हिसका आदळण्यापेक्षाही वाईट. फार मऊ मॅटवरही लोकांची मनगटं दुखतात ती यामुळे.

म्हणून रचना अशी करा. चेंडू मारायची पट्टी वेगळी, साधारण ३० से.मी. रुंद आणि ७० से.मी. लांब. वरच्या हिशेबाप्रमाणे १२ मि.मी. खाली थांबायला क्लबला ८ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात तो जवळपास २७ से.मी. पुढे गेलेला असतो. खऱ्या स्विंगमध्ये तो त्याआधीच वर उचलला जातो, तरी चेंडूच्या पुढे ३५ से.मी. तरी मऊ जागा हवीच. विकतच्या कितीतरी मॅटवर चेंडू पट्टीच्या पुढच्या कडेला ठेवायची खूण असते, ते मला मुळीच पटत नाही.

पट्टीच्या खाली दोन थर द्या. वर १५ मि.मी. मऊ, उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम, त्याखाली १५ मि.मी. जरा घट्ट, बंद छिद्रांचा ईव्हीए फोम. वरचा थर क्लबला सावकाश थांबवतो, खालचा त्याला तळाला आपटू देत नाही. सगळा फोम मऊच घेतला तर तो पूर्ण दबतो आणि पुन्हा कोबाच लागतो. अंगठ्याने दाबून फोम निवडू नका. झटक्याच्या आघाताला फोम अंगठ्यापेक्षा बराच कडक वागतो, आत अडकलेल्या हवेला निसटायला वेळ मिळत नाही.

वरचं गवत नायलॉनचं, दाट आणि उभ्या धाग्यांचं घ्या, मागचं कापड लवचीक असलेलं. ते फोमला चिकटवू नका. मागच्या कडेला रुंद इलॅस्टिकने बांधा आणि पुढे २ से.मी. फट सोडून त्यात मऊ फोम भरा. क्लब लागला की पट्टी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे सरकते आणि परत येते. कडा आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली राहू द्या, क्लबची धार त्यात अडकता कामा नये.

उभं राहायची जागा मात्र फोमची नको. प्लायवूडवर कडक रबर टाका, पाय डगमगले की गुडघा आणि कंबर त्याची भरपाई करायला जातात. आणि ती जागा पट्टीच्या बरोबरीने उंच हवी. माणूस जमिनीवर आणि चेंडू पाच-सहा सेंटिमीटर वर अशी मांडणी मी फार बघते. तिथे स्विंग आडवा होतो, क्लबचा टाचेकडचा भाग आधी टेकतो आणि चेंडू डावीकडे जातो. असा सराव करून स्विंग सुधारणार कसा?

आता तपासणी. ऑस्ट्रेलियातले अभियंते बेडन क्लेग यांनी १९७० च्या दशकात जमिनीचा कडकपणा मोजायचा हातोडा तयार केला. क्रीडांगणांसाठी त्याचं २.२५ किलोचं वजन ४५ से.मी.वरून सोडतात आणि ते किती झटक्यात थांबतं ते मोजतात. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू सेकंदाला जवळपास ३ मीटर वेगानेच टेकते, म्हणजे आपल्या आयर्नच्या उतरत्या वेगाने. त्यामुळे घरी २७० ग्रॅमचं, सोलइतक्या तळाचं लोखंडी वजन ४६ से.मी.वरून सोडा आणि मागे मोजपट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. ११ से.मी.पेक्षा जास्त उसळलं, तर मी ती मॅट नाकारते. किती दबली हे बघायला फोमच्या दोन्ही थरांना आरपार बारीक भोक पाडून त्यात मऊ मातीची काडी फोमच्या उंचीइतकी उभी करा. वजन पडल्यावर काडी जेवढी बसली, तेवढा फोम दबला. १० ते १५ मि.मी. मिळालं की मी समाधानी असते.

आणि चूक दिसण्यासाठी, चेंडू जिथे ठेवता त्या जागेवरून पट्टीवर आडवी खडूच्या भुकटीची रेघ मारा. शॉटनंतर गवत रेघेच्या मागे घासलेलं दिसलं तर शॉट फॅट, म्हणजे क्लब चेंडूच्या आधी जमिनीला टेकला, चेंडू कितीही छान उडालेला असो. ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या क्लबला हे लागू नाही, तिथे चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि क्लब मॅटला लागायलाच नको.

प्रश्न : माझ्या वेजच्या (जवळचे उंच फटके मारायच्या आयर्नच्या) सोलवर हिरवे डाग पडतात. मॅट खराब आहे का?

उत्तर : धागे वितळताहेत. पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, नायलॉन ६ सुमारे २२० ला आणि नायलॉन ६,६ सुमारे २६० ला. घासण्याने तेवढं तापमान क्षणभर येतं. तुमचं गवत बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं आहे, पट्टीपुरतं तरी नायलॉन घ्या. डाग लाकडी पट्टीने खरवडा, ब्लेडने नको.

प्रश्न : फोम किती दिवसांनी बदलायचा?

उत्तर : दिवसांवर जाऊ नका. आज नव्या मॅटवर काडीची चाचणी करा आणि आकडा मॅटच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा. काही आठवड्यांनी पुन्हा करा. जिथे तुम्ही रोज मारता तिथे फोम हळूहळू बसतो आणि आकडा घटत जातो. ८ मि.मी.च्या खाली आला की पट्टी फोमसकट उलट दिशेने फिरवून दुसरं टोक वापरा. तेही बसलं की वरचा मऊ थर बदला, खालचा ईव्हीए सहसा तसाच चालतो.