मुरुडची दोन बटणं

पत्र : लातूरच्या मार्केट यार्डात माझं अडत दुकान आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एक्सेलमध्ये डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे आणि आलेख एका पानावर दाखवणारा तक्ता, बनवायचा नाद लागलाय आणि त्यातच करिअर करायचं म्हणते. पुण्यातला एक क्लास ५५ हजार फी सांगतो, नोकरीची हमी देतो. भाचा म्हणतो, असले आलेख आता एआय काढून देतं. मला तर ही कारकुनी वाटते. फी भरावी का?

उत्तर : नमस्कार. फीचं आधी सांगते : आत्ता भरू नका. दिवाळीपर्यंत तरी नकोच. का, ते कळायला तुमच्याच दुकानात बसावं लागेल.

मुलीला म्हणावं, गेल्या हंगामातल्या सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या घे आणि एक्सेलमध्ये भर. एक सौदा, एक ओळ. तारीख, गाव, कट्टे, क्विंटल, भाव, रक्कम, खरेदीदार. मधे रिकामी ओळ सोडायची नाही, खाली ‘एकूण’ लिहायचं नाही, चौकटी मर्ज करायच्या (एकत्र जोडायच्या) नाहीत. मग कंट्रोल-टी दाबून त्याचं टेबल करायचं, त्यावर पिव्हट टेबल (गावावार, तारखेवार बेरजा आपोआप करणारा तक्ता), पिव्हटला चार्ट आणि स्लायसर. स्लायसर म्हणजे पडद्यावरची बटणं. औश्याचं बटण दाबलं की औश्याची आवक, निलंग्याचं दाबलं की निलंग्याची, चार्टही त्याबरोबर बदलतो. एक्सेलमध्ये हे २०१० च्या आवृत्तीपासून आहे, तारखांची टाइमलाइन, म्हणजे महिना-दिवस निवडायची पट्टी, २०१३ पासून. व्हिडिओ बघत बघत दोन-चार संध्याकाळी जमून जातं. इथपर्यंतचं काम एआय करून देईल, भाच्याचं म्हणणं खरं आहे.

गंमत पुढे सुरू होते. बटणांमध्ये आपल्या लातूरजवळचं ‘मुरुड’ दोनदा दिसेल. एका मुरुडपुढे टाइप करताना स्पेस पडलेली असते. ती आपल्याला दिसत नाही, एक्सेलला दिसते, आणि आवक दोन बटणांत वाटली जाते. ट्रिम फॉर्म्युल्याने स्पेस निघेल. पण एका पट्टीवर ‘मुरुड’ आणि दुसरीवर ‘मुरुड अकोला’ असेल तर हे गाव एक की दोन? तुमचे मुनीमजी मान वर न करता सांगतील. एआयला ते कोण सांगणार?

तारखांचा घोळ याहून वाईट. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची राहिली असेल आणि मुलीने ५/११ टाकलं, तर एक्सेल ते ११ मे समजतं. २५/११ टाकलं तर पंचविसावा महिनाच नसल्याने ती तारीख न राहता नुसती अक्षरं राहतात. म्हणजे ऐन हंगामातल्या नोव्हेंबरचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरतात (११/११ तेवढी जागेवर राहते) आणि उरलेले अठरा दिवस टाइमलाइनला मोजताच येत नाहीत. अक्षरं झालेल्या तारखा चौकटीत डावीकडे सरकतात, म्हणून त्या निदान सापडतात. उलटलेल्या मात्र शहाण्यासारख्या उजवीकडे बसलेल्या असतात. चार्ट तरीही सुंदर दिसतो, हीच भीती. म्हणून टाइप करण्याआधीच विंडोजच्या रीजनमध्ये भारत निवडायचं.

तिसरी गोष्ट तुम्हीच तिला शिकवा. समजा एका दिवशी २ क्विंटल ४,००० ने गेलं आणि ९८ क्विंटल ४,६०० ने. पिव्हटला भावाची सरासरी मागितली की तो ४,३०० सांगतो. यार्डातलं कुणीही हसेल. खरी सरासरी ४,५८८ आहे. पिव्हटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड (आपण सूत्र देऊन बनवलेला रकाना) घेऊन रक्कम भागिले क्विंटल केलं की हाच आकडा येतो, कारण तिथे आधी दोन्हींच्या बेरजा होतात आणि मग भागाकार. ही चूक क्लासमध्ये क्वचितच उमगते. तिथल्या सरावाच्या फाइली आधीच धुऊन-पुसून ठेवलेल्या असतात.

कारकुनी म्हणालात, म्हणून इंग्लंडचं एक उदाहरण देते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारी आकड्यांतून कोरोनाचे १५,८४१ बाधित गळल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती. त्या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात; नव्या प्रकारात १०,४८,५७६. पुढच्या ओळी गळल्या आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. ओळी मोजून बघणारं एक माणूस तिथे हवं होतं.

मी मार्गदर्शनाकडे वळण्याआधी एका कारखान्यात एमआयएसचं, म्हणजे साहेबांसाठी रोजच्या आकड्यांचे अहवाल बनवण्याचं, काम करत होते. पहिल्याच महिन्यात पंधरा चार्टचा डॅशबोर्ड केला, त्यात फिरणाऱ्या काट्याचा स्पीडोमीटर आणि एक थ्रीडी पाय चार्टसुद्धा. प्लँट मॅनेजरनी चष्मा वर करून सगळं बघितलं आणि विचारलं, “आज गाड्या किती निघाल्या?” तो आकडा त्यात नव्हता. त्या रात्री चौदा चार्ट काढून टाकले. स्पीडोमीटर काढताना जिवावर आलं, खोटं कशाला सांगू.

नोकरीच्या जाहिरातींत हे काम बहुधा ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ नावाने येतं. कारखाने, गोदामं, रुग्णालयं, वित्तसंस्था, सगळीकडे लागतं. सुरुवात साधीच असते : सकाळी फाइल घ्या, रिफ्रेश ऑल दाबून आकडे ताजे करा, साहेबांना मेल करा. तिथेच दहा वर्षं अडकलेली मंडळीही मी पाहिली आहेत, तेव्हा तुमची शंका अगदीच चुकीची नाही. पुढे सरकायचं तर पिव्हटनंतर एक्सेलमधलीच पॉवर क्वेरी शिकावी, कारण रोजची तीच साफसफाई ती एका रिफ्रेशमध्ये करते. ती एक्सेल २०१६ पासून आतच आहे आणि पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्येही तीच वापरतात, म्हणजे मेहनत वाया जात नाही. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजवर फुकट मिळतं. तुमच्याकडे टॅली असेल तर त्यातली माहिती एक्सेलमध्ये काढता येते, बी.कॉम.च्या मुलीला हिशोब आणि डेटा दोन्ही कळतात, हे मुलाखतीत वजनाचं ठरतं.

क्लासवाल्यांना मात्र दोनच गोष्टी विचारा. विद्यार्थ्यांना बिघडलेली फाइल देता का? आणि हमी कागदावर देता का? नोकरी लागली नाही तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे लिहिलेलं नसेल तर त्या हमीची किंमत तुम्ही जाणताच.

तिने केलेली फाइल बाहेर कुणाला दाखवण्याआधी शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर त्यात आले असतील तर काढून टाकायला सांगा. मुलाखतीला न्यायची असेल तरीसुद्धा.

आणि तिला पहिलं काम तुम्ही द्या. रात्री शटर ओढताना तुम्ही मुनीमजींना विचारता ना, कुणाकडे किती अडकलेत आणि किती दिवसांपासून? त्याचं उत्तर तिच्या फाइलीच्या पहिल्याच पानावर, खाली न सरकवता, दिसलं पाहिजे. दिवाळीपर्यंत ते पान तुम्ही रोज उघडायला लागलात तर मला कळवा. मग फीचं बोलू.