पंधरा मिनिटांत गेम अडकतो, काय करू?

प्रश्न: दादा, मी अकोल्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी गेमिंग लॅपटॉप घेतला, एप्रिलपासून गेम लावला की पंधरा मिनिटांत अडकायला लागतो, सीपीयू (प्रोसेसर) ९७ डिग्री दाखवतो, कीबोर्डला बोट लावून देत नाही. लॅपटॉप गादीवर, कुलरसमोर असतो. लॅपटॉपखाली ठेवायचं पंखेवालं कूलिंग पॅड घेऊ का?

उत्तर: पॅडचे पैसे आत्ता ठेव खिशात आणि आधी लॅपटॉप गादीवरून उचल. हवा आत जायची जाळी खालच्या बाजूला असते, गादीनं ती बंद होते, मग पंखे कितीही बोंबलले तरी आत हवाच नाही. टेबलावर ठेव, मागच्या बाजूला दोन वह्या लाव, एवढ्यानंच फरक दिसेल. कुलरचा थेट झोत पण नको, त्यात पाण्याचे बारीक थेंब असू शकतात.

पण दोन वर्षं झाली म्हणतोस ना, तर माझा खरा संशय धुळीवर आहे. मी माझा उघडला होता तेव्हा पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या जाळीच्या मधे राखाडी थर बसलेला, चिमट्यानं ओढला तर जाळीच्या आकारासकट अख्खा बाहेर आला, आणि बाहेरून खालची जाळी एकदम स्वच्छ दिसत होती!! म्हणून नुसतं बाहेरून फुंकून काही होत नाही. वॉरंटी असेल तर त्यांच्याकडूनच उघडून घे. स्वतः उघडणार असशील तर आधी बॅटरीचं कनेक्टर काढ, स्क्रू ज्या जागेचा आहे तसाच कागदावर मांडून ठेव कारण लांबी वेगवेगळी असते, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धर, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. सीपीयूची उष्णता वरच्या धातूकडे नेणारी थर्मल पेस्टही वाळलेली असू शकते, बदलून घे, फक्त पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असेल तर अजिबात हात लावू नकोस, त्यातून करंट जातो, एक थेंब सांडला तरी बोर्ड गेला समज.

तोवर गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६० वर लॉक कर. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की टर्बो (प्रोसेसरचा जादा स्पीड) बंद होतो, स्पीड थोडा कमी होईल पण तापमान चांगलं खाली येतं (काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही). आणि हे लक्षात घे की खोलीच ४० डिग्री असेल तर हिवाळ्यातल्या २५ च्या मानानं सीपीयू पण साधारण तेवढाच, पंधराएक डिग्रीनं वर जाणार, त्यामुळे मे महिन्यात दुपारी खेळण्यापेक्षा रात्री खेळ.

एवढं करूनही ९५ च्या वरच राहिला तर पॅडचा विचार कर. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा खालचं कव्हर फुगलं तर मात्र चार्जर काढ आणि तिथंच थांब, ती बॅटरी फुगलीय, दाबून बसवू नकोस, सरळ दुकानात ने.