न दिसलेला सारस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वाचलं. प्राध्यापकी धरू की जंगल, याचं उत्तर खाली देतो; आधी त्यातल्या एका वाक्याबद्दल. ‘तीन दिवस तलावावर बसले, सारस दिसला नाही, सगळं वाया गेलं.’ त्या तीन दिवसांचं डायरीत काय लिहिलंस?

मी तुझ्या वयाचा असताना काहीच लिहीत नसे. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, म्हणून सायकलवर मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने सिंचनाचे तलाव, पालथे घालायचो. पक्षी दिसला की पानभर वर्णन. नाही दिसला की डायरी पिशवीतच. वीसेक वर्षांनी एका तलावाबद्दल प्रश्न पडला: त्या साली इथे सारस नव्हते, की मीच आलो नव्हतो? माझ्या डायरीवरून ते कळत नाही, आणि आता कळायचंही नाही. तारीख, बसलो कधी, उठलो कधी, पाणी किती, आणि पुढे ‘सारस: शून्य’. एवढी एक ओळ पुरली असती.

वाघांचंच बघ. पूर्वी पाऊलखुणांवर काच ठेवून ठसे उतरवत, वाघ मोजत. 2006च्या गणनेपासून कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखू लागले. त्या हिशेबात वाघ न आलेली रात्रही धरावी लागते, नाहीतर अंदाजच चुकतो. तिथे शून्याला मान आहे, आपल्याच डायरीत का नसावा?

आता नोकरीचं. पहिली काही वर्षं बहुधा तासिका तत्त्वावर जातील, पैसे उशिरा येतील. तरी वर्ग सोडू नकोस, असं मी म्हणेन. प्रकल्पाचा पैसा संपला की लोक तलाव सोडून जातात. तालुक्याचा मास्तर पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असतो. शिवाय पोरं असतात. सारसाच्या घरट्यावर मी तासभर बोललो, दोन अंडी, महिनाभर उबवणं वगैरे, तर मागच्या बाकावरचा एक पोट्टा म्हणतो, “सर, आमच्या बांधीतच आहे ना घरटं, तुम्ही कुठी पाहून रायले?” त्याच्या बापाने घरट्याभोवतीचं धान न कापता तसंच ठेवलं होतं. हे मला कोणत्याही जर्नलात सापडलं नसतं. (प्रात्यक्षिकात बेडूक कापणं बंद झालं तेव्हा काही सहकारी हळहळले. मला सुटल्यासारखं वाटलं. पावसात बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, नेलं की पोरं आवाजावरून बेडूक ओळखायला शिकतात.)

एक मात्र बजावतो. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे एकटी जंगलात शिरू नकोस. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. गावातल्या बायांच्या टोळीसोबत जा, त्या बोलत बोलत चालतात ते उगाच नाही.

धानाची रोवणी आटोपली की इकडे ये. माझा तो प्रश्नाचा तलाव दाखवतो. धुरे निसरडे असतात, चपला हातात घेऊन चालावं लागेल.

तुझा,
सर