प्रवासाची पत्रं: पोरं, तंबू आणि लाल वाळवंट

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो, मुलगा 7 वर्षांचा नि मुलगी 4 वर्षांची. नणंद ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते, मेच्या सुट्टीत तिच्याकडे जायचंय. तिथून भाड्याची गाडी आणि तंबू घेऊन वाळवंटातल्या उलुरू नावाच्या प्रचंड खडकापर्यंत जाऊन परत यायचं, सगळं मिळून 6 दिवसांत, असा आमच्या ह्यांचा प्लॅन आहे. आमचा कॅम्पिंगचा अनुभव म्हणजे पवनेच्या काठावर एक रात्र, तेही जेवण रेडीमेड. सासूबाईंनी डिंगोने (तिकडचा रानकुत्रा) तंबूतून बाळ नेल्याची गोष्ट कुठेतरी वाचलीय, त्या म्हणतात पोरांना इथेच ठेवा. जावं का आम्ही? – एक वाचक, पुणे

उत्तर: जा की! पण 6 दिवसांत नाही, ते आधी ह्यांना सांगा.

ॲडलेड ते उलुरू एका बाजूने साधारण 1,600 किलोमीटर आहे. जाऊन-येऊन 3,200, भागिले 6, म्हणजे रोज पाचशेच्या वर. मागे चार वर्षांची मुलगी, खिडकीबाहेर चार तास तेच ते, आणि दर चाळीस मिनिटांनी "आई शू". आम्ही आमच्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो तेव्हा असाच शहाणपणा केला होता, तिसऱ्या दिवशी गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

त्यापेक्षा एकाच बाजूने गाडी चालवा. पहिला मुक्काम वूमेराला, तिथे उघड्यावर रॉकेटं मांडून ठेवलीयत, तुमचा मुलगा हलणार नाही तिथून. मग कूबर पेडी, 1915 साली ओपल हे रत्न सापडलं तेव्हापासून खाणींचं गाव, उन्हापायी लोक जमिनीखाली घरं खोदून राहतात, तिथे दोन रात्री काढा. पुढे मार्ला किंवा एर्लडंडाला थांबून उलुरू. शेवटी गाडी ॲलिस स्प्रिंग्जला सोडून विमानाने ॲडलेडला परत. दुसऱ्या शहरात गाडी सोडायचे जास्तीचे पैसे लावतात, ते आधीच विचारून घ्या. हे सगळं निवांत करायला 9-10 दिवस धरा.

रस्ता म्हणाल तर स्टुअर्ट हायवे पूर्ण डांबरी आहे, आणि आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. अडचण अंतराची. ग्लेन्डॅम्बो ते कूबर पेडी अडीचशे किलोमीटर आहे. पुण्याहून कोल्हापूरला निघालात आणि मध्ये सातारा नाही, कराड नाही, पंप नाही, चहाची टपरी नाही, असं समजा. त्यामुळे पंप दिसला की टाकी भरायची, भाव बघत बसायचं नाही. पाणी माणशी दिवसाला किमान 5 लिटर, वर दोन दिवसांचं जास्तीचं, ते प्यायला हात लावायचा नाही. गावाबाहेर पडलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या आणि रोज कुठून कुठे जाणार ते नणंदेला कळवून ठेवा. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, सावली नि पाणी गाडीपाशीच असतं आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. तातडीच्या मदतीचा नंबर 000, मुलाला पाठ करून घ्या.

दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही म्हणजे नाही! कांगारू, एमू, मोकाट गुरं, सगळं अंधारात रस्त्यावर येतं, आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा विमा रात्री गावाबाहेर लागूच होत नाही. मेमध्ये सहाच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा पाचला तंबू ठोकून झालेला हवा. रोड ट्रेन म्हणून पन्नास मीटरच्या वर लांब ट्रक असतात, त्यांना ओव्हरटेक करायची घाई तर अजिबात नको.

थंडीचं कोणी सांगत नाही. मे तिथे हिवाळ्याच्या तोंडावर येतो, दिवसा छान विशीतलं तापमान आणि रात्री एकेरी आकडा. आम्ही वाळवंट म्हणून सुती कपडे नेले आणि पहिल्या रात्री लेकीला माझ्या दोन साड्या गुंडाळून झोपवलं (साड्या नेल्याबद्दल आधी टोमणे खाल्ले होते ते वेगळंच). लोकरी टोप्या, मोजे, चांगल्या स्लीपिंग बॅगा घ्याच.

आता सासूबाईंचं. ती घटना खरी आहे. 1980 साली उलुरूजवळच्या तळावर तंबूतून नऊ आठवड्यांचं बाळ गेलं, आईवरच खुनाचा आरोप होऊन तिला तुरुंगात टाकलं, आणि डिंगोनेच नेलं हा निर्णय यायला 2012 उजाडलं. तेव्हा त्यांना हसू नका. मुलांना तंबूत एकटं ठेवायचं नाही, खाणं बाहेर ठेवायचं नाही, डिंगोला काही घालायचं नाही. हल्ली उलुरूच्या पार्कमध्ये तंबू लावताच येत नाही, बाहेर युलाराच्या कॅम्पग्राउंडमध्ये राहायचं. खडकावर चढणंही 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे, तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांचं ते पवित्र ठिकाण. पायथ्याची पूर्ण फेरी दहा किलोमीटरच्या वर आहे, लेकीला झेपणार नाही, मुतित्जुलू पाणवठ्यापर्यंतची छोटी वाट पुरे. आणि खिशात दगड भरू देऊ नका, मुलं भरतातच.

कारसीट इथून नेऊ नका, तिथे त्यांच्याच स्टँडर्डची लागते, गाडीबरोबर दोन्ही मुलांसाठी मागून घ्या.

प्रश्न: वरचं पत्र माझ्या सुनेने लिहिलंय. मी पण जायचं ठरवलंय. भाजणी, लोणचं, घरचं तूप नेता येईल का? – सासूबाई

उत्तर: वा, आजी! तूप राहू द्या, ॲडलेडच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळेल. कढीपत्ता, बिया, ताजं काहीच नको. भाजणी-लोणचं बॅगेत असेल तर विमानातल्या फॉर्मवर न लाजता लिहा, नाही चाललं तर काढून घेतील, पण लपवून सापडलं तर दंड जबर असतो. भाजणी आत गेली तर कूबर पेडीला थालीपीठ लावा, फक्त तवा इथून न्या, कॅम्पच्या किचनमधला फार पातळ असतो.