गुणी पण वादात सापडलेल्या कॉर्नरबॅकला ड्राफ्टमध्ये घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत येऊन वर्ष झालं, ऑफिसातल्या मंडळींमुळे अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली, आणि सध्या जेवणाच्या सुट्टीत एकच वाद रंगतोय. कॉलेजमधला एक कॉर्नरबॅक (समोरच्यांचे पास अडवणारा बचावपटू) आहे, खेळ ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांनी आळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीच्या तोडीचा, पण कोचशी सतत खटके उडाल्यामुळे संघातून काढलेला. आपल्या संघानं त्याला घ्यावं की नाही? निम्मे म्हणतात डोळे मिटून घ्या, निम्मे म्हणतात ही ब्याद हवीच कशाला.

मी २००९ पासून कॅन्सस सिटीजवळ राहतो आणि तेव्हापासून इथल्या चीफ्स संघाचा एकही सामना सहसा चुकवलेला नाही. नेमका हाच वाद आमच्याकडे २०१५ च्या वसंतात झाला होता. त्यामुळे माझं उत्तर आधीच सांगतो: मी घेईन. पण त्या मुलानं आजवर कुणाच्या अंगावर हात टाकलेला नसेल तर, आणि संघात त्याची हमी घेणारा माणूस कोण, हे नावानिशी ठाऊक असेल तर. यातलं एक जरी नसेल, तर त्याचा खेळ कितीही देखणा असो, मी पुढच्या नावाकडे वळेन.

आधी कॉर्नरबॅकबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय हा वाद कळत नाही. मी शाळेत असताना परळला कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यात. कोपरारक्षकाचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे लगेच कळेल. चढाईपटू तुमच्याकडे येतो तेव्हा पकड करायची की थांबायचं हे क्षणात ठरवायचं असतं, आणि चुकलात तर सगळ्या मैदानाला दिसतं. कॉर्नरबॅकचं असंच, किंबहुना जास्तच. समोरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, कुठे पळणार हे त्या रिसीव्हरला माहीत असतं, याला नसतं. त्यात हा उलटा पावलं टाकत पळतो. एकदा चकला की सरळ टचडाऊन, म्हणजे समोरच्यांना सहा गुण, आणि पुढच्याच खेळीला पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहायचं. अशा जागेवर मऊ स्वभावाचा मुलगा सहसा टिकत नाही. म्हणजे ज्या तापटपणामुळे तो कोचच्या नजरेतून उतरतो, त्याच तापटपणावर बऱ्याचदा त्याचा खेळ उभा असतो. एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

आता मार्कस पीटर्सची गोष्ट. ओकलंडचा मुलगा, वडील तिथल्या मॅक्लिमंड्स हायस्कूलमध्ये फुटबॉलचे कोच. वॉशिंग्टन विद्यापीठात तो चमकला. २०१३ च्या हंगामानंतर तिथले कोच स्टीव्ह सार्किजियन दुसरीकडे गेले आणि बॉइझी स्टेटहून क्रिस पीटरसन आले. नवा गडी, नवं राज्य. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये इलिनॉयविरुद्ध पीटर्सनं दंड ओढवून घेतला आणि मग साइडलाइनवर आदळआपट केली. एका सामन्याची बंदी झाली. पुढेही सहायक कोचांशी वाद होत राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये पीटरसननी त्याला संघातूनच काढलं.

पण याच गोष्टीत एक तपशील आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनचा प्रो डे होता, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडकर्त्यांसमोर खेळाडूंनी कसब दाखवायचा दिवस. त्या दिवशी पीटरसननी पीटर्सला परत येऊन भाग घेऊ दिला. ज्यानं पोराला दार दाखवलं त्यानंच पाच महिन्यांनी दार उघडलं. एखादा मुलगा खरंच हाताबाहेर गेलेला असेल तर कोच असं करत नाही. लीगच्या बत्तीस संघांच्या फायलींमध्ये जे काही लिहिलं असेल ते असो, मी त्या एका दिवसाला जास्त वजन दिलं असतं.

चीफ्सनी ३० एप्रिल २०१५ रोजी त्याला पहिल्या फेरीत, अठराव्या क्रमांकावर घेतलं. माझे शेजारी इथले जुने चाहते, त्यांनी कपाळाला हात लावला. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला पहिला सामना झाला, आणि समोरच्या संघाच्या पहिल्याच खेळीला ब्रायन हॉयरचा पास पीटर्सनं हवेतच उचलला. कारकिर्दीतली पहिली खेळी! त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री डेन्व्हरचा संघ ॲरोहेडला, म्हणजे आमच्या मैदानावर आला. मी वरच्या मजल्यावर होतो. पेटन मॅनिंगचा पास पीटर्सनं मध्येच पकडला आणि ५५ यार्ड पळत टचडाऊन केला. पुढच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांनी मागे वळून माझे दोन्ही हात धरले आणि तोंडाने काहीतरी म्हणत राहिले. गोंगाटात मला एक शब्द ऐकू आला नाही. तो सामना आम्ही हरलो, पण त्या मुलाबद्दल घरी येताना कुणीही वावगा शब्द काढला नाही. त्या वर्षी त्यानं आठ इंटरसेप्शन केली, म्हणजे समोरच्यांचे आठ पास मध्येच पकडले, आणि बचावातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. तीन हंगामांत एकूण एकोणीस.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर माझं उत्तर अर्धवट राहील. ३ डिसेंबर २०१७, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध. सामना अटीतटीचा, शेवट जवळ आलेला. टचडाऊननंतर जादा दोन गुण मिळवण्याच्या जेट्सच्या प्रयत्नावर पंचांनी आमच्याविरुद्ध पिवळा फ्लॅग, म्हणजे दंडाची खूण, टाकला. पीटर्सनं तो जमिनीवरून उचलला आणि सरळ प्रेक्षकांत भिरकावून दिला. त्याला वाटलं आता आपल्याला बाहेर काढणार, म्हणून तो चालत आतमध्ये निघून गेला. प्रत्यक्षात त्याला बाहेर काढलंच नव्हतं! थोड्या वेळानं तो साइडलाइनवर परत आला तेव्हा पायात मोजे नव्हते. टीव्हीवर ते उघडे पाय बघताना मला राग आला नाही, वाईट वाटलं. चोवीस वर्षांचा पोरगा, सगळा देश बघतोय, आणि त्याला त्या दोन मिनिटांत खांद्यावर हात ठेवून थांबवणारं कुणी नव्हतं.

सामना आम्ही ३८-३१ असा हरलो. चीफ्सचे कोच अँडी रीडनी त्याला पुढच्या सामन्यातून बसवलं. त्यानंतर तो परत आला आणि चार्जर्सविरुद्ध दोन इंटरसेप्शन केली. तरीही २०१८ च्या मार्चमध्ये चीफ्सनी त्याला रॅम्स संघाकडे पाठवून दिलं. बदल्यात ड्राफ्टमधल्या दोन निवडी मिळाल्या, एक दुसऱ्या फेरीची, एक चौथ्या.

मी यावर बराच विचार केलाय. सुरुवातीला पीटर्सच्या आजूबाजूला कोण होतं? कोचांमध्ये एमिट थॉमस, चीफ्सचे जुने कॉर्नरबॅक, ५८ इंटरसेप्शनचा संघविक्रम नावावर, हॉल ऑफ फेममधले. मैदानात त्याच्या मागे एरिक बेरी, कर्करोगावर मात करून परतलेला, सगळा संघ ज्याचं ऐकायचा असा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू. २०१७ च्या पहिल्याच सामन्यात बेरीच्या टाचेची शीर तुटली आणि त्याचा हंगाम संपला. फ्लॅग भिरकावला गेला तो त्याच हंगामात. हा माझा अंदाज आहे, पण बेरी मैदानात असता तर तो फ्लॅग प्रेक्षकांत गेला नसता असं मला आजही वाटतं.

हमी घेणारा माणूस म्हणतो तो यासाठी. आमच्या कबड्डी मंडळात असाच एक कोपऱ्यातला पोरगा होता, पकड अशी की चढाईपटू त्याच्या बाजूला जायचाच नाही, पण दर दोन दिवसांनी कुणाशी तरी भांडण. मंडळाचे अण्णा रोज सकाळी सरावाला जाताना त्याच्या चाळीत थांबायचे, त्याच्या आईच्या हातचा चहा घ्यायचे आणि त्याला सोबत घेऊनच मैदानावर यायचे. त्याला उपदेश केलेला मी कधी ऐकला नाही. अण्णा गावी गेले, आणि महिन्याभरात तो यायचा बंद झाला. आम्हा पोरांपैकी कुणाला त्याच्या चाळीत जाण्याचं सुचलं नाही, याची मला आजही टोचणी आहे.

२०१३ चा ड्राफ्ट बघा. तिसऱ्या फेरीत ६३ व्या क्रमांकावर चीफ्सनी ट्रॅव्हिस केल्सीला घेतलं. आज सगळं जग त्याला ओळखतं, पण तेव्हा तो सिनसिनाटी विद्यापीठात नियम मोडल्यामुळे २०१० चा अख्खा हंगाम बाहेर बसलेला मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ जेसन फिलाडेल्फियात रीडच्याच हाताखाली खेळलेला. निवडीच्या फोनवर रीड त्या भावाशीही बोलले. त्याच फेरीत, फक्त सहा क्रमांकांनी नंतर, ॲरिझोनानं टायरन मॅथ्यूला घेतलं. हा तर तुमच्या प्रश्नातलाच मुलगा: एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) कॉर्नरबॅक, २०११ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हाइझमन पुरस्काराच्या अंतिम यादीत, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमली पदार्थांच्या चाचण्यांमुळे संघाबाहेर. त्या ऑक्टोबरमध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटकही झाली. ॲरिझोनाकडे पॅट्रिक पीटरसन होता, एलएसयूतला त्याचा जुना साथीदार. त्यानं संघाकडे मॅथ्यूसाठी शब्द टाकला आणि मॅथ्यूनं नियमित चाचण्या कबूल केल्या. पुढे तो सेफ्टी म्हणून देशातल्या सर्वोत्तमांपैकी एक झाला, आणि २०२० च्या फेब्रुवारीत आम्ही सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलो तेव्हा आमच्या बचावाचा म्होरक्या तोच होता. केल्सी आणि मॅथ्यू त्या दिवशी एकाच संघात होते. दोघांमागे कुणीतरी जवळचा माणूस उभा राहिला होता.

आता माझी पहिली अट, कुणाला इजा केलेली नसावी. इथे मी जराही मागे हटणार नाही. टेनेसीनं २००५ मध्ये ॲडम 'पॅकमॅन' जोन्सला सहाव्या क्रमांकावर घेतलं. विलक्षण चपळ खेळाडू, पण एकामागून एक प्रकरणं झाली. २००७ च्या सुरुवातीला लास व्हेगासच्या एका क्लबमधल्या भांडणानंतर गोळीबार झाला आणि त्यात एक माणूस कायमचा अपंग झाला. लीगनं जोन्सला संपूर्ण २००७ चा हंगाम बंदी घातली. तो नंतर दहा वर्षं खेळला हे खरं, पण त्या माणसाचे पाय परत आले नाहीत. रेडर्स संघानं २०२० मध्ये डेमन आर्नेटला १९ व्या क्रमांकावर घेतलं. दीड वर्षात, बंदूक दाखवत धमकावतानाचा व्हिडिओ बाहेर आल्यावर, त्याला सोडून द्यावं लागलं.

आणि आमच्याच घरातलं सांगतो. चीफ्सनी २०१६ मध्ये पाचव्या फेरीत टायरीक हिलला घेतलं. तो कॉर्नरबॅक नाही, पण मुद्दा तोच. कॉलेजात असताना गर्भवती मैत्रिणीला मारहाण केल्याच्या प्रकरणात त्यानं गुन्हा कबूल केला होता. पुढे त्यानं आम्हाला किती सामने जिंकून दिले हे मला पाठ आहे, मी ते उभं राहून पाहिलेत. तरीही ती निवड व्हायला नको होती, असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही. माझ्या दोन मुली आहेत. त्यांच्यासमोर त्याची जर्सी मी कधी घातली नाही.

आरोप आणि शाबित गोष्ट यात मात्र फरक करा. २०१७ मध्ये गॅरेऑन कॉन्लीवर ड्राफ्टच्या तोंडावर गंभीर आरोप झाला, रेडर्सनी त्याला २४ व्या क्रमांकावर घेतलं, आणि त्या उन्हाळ्यात ग्रँड ज्युरीनं खटला चालवायला नकार दिला. अशा वेळी संघांनी स्वतः शहानिशा करायला हवी, आणि ती होऊ शकते. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधल्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एकत्रित चाचणी शिबिरातल्या, मुलाखती जेमतेम पाव तास-वीस मिनिटांच्या असतात, त्यात पोरं पाठ केलेली उत्तरं देतात. खरी माहिती मिळते ती वसतिगृहात, अभ्यास घेणाऱ्या शिक्षकांकडे, संघाचे कपडे आणि सामान सांभाळणाऱ्यांकडे. ज्यांच्याशी नीट वागून काही फायदा नसतो त्यांच्याशी तो कसा वागतो, हे त्या लोकांना विचारावं.

फेरीचं म्हणाल तर, पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा चार वर्षांचा करार जवळपास पूर्ण हमीचा असतो, तिसऱ्या फेरीत संघाचं एवढं अडकत नाही. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांचा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत वाट बघण्याचा विचार असेल तर तो चुकीचा नाही. पण नुसता कोचशी खटका असेल आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर मी अठराव्या क्रमांकावरही त्याला घ्यायला होकार देईन. आम्ही केलं होतं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आता तुम्ही एक करा. उद्या जेवणाच्या सुट्टीत विचारा की, ज्या कोचनं त्याला काढलं तो आज त्याच्याबद्दल काय म्हणतो, आणि आपल्या संघात त्याच्या गावचा, त्याच्या कॉलेजचा किंवा त्याला ओळखणारा एखादा जुना खेळाडू आहे का. जे उत्तर मिळेल ते खाली प्रतिक्रियेत लिहा. त्या मुलाचा प्रो डे झाला असेल तर तो कुठे झाला, तेही सांगा.