घरात लहान बाळ असताना घरगुती औषधं आणि इसेन्शियल ऑइल यांची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला आल्यावर बारा इसेन्शियल ऑइलांचा संच ऑनलाइन मागवला, कुंड्यांत तुळस, गवती चहा आणि अडुळसा आहे, आणि आता सर्दी-खोकला, सासूबाईंचे गुडघे आणि स्वतःचे गळणारे केस यांवर घरीच काहीतरी करायचंय. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे आणि घरात दीड वर्षाचं बाळ आहे. माझं उत्तर असं: कुंडीतल्या झाडांपासून आजच सुरुवात करा आणि तो संच सध्या कुलपात ठेवा. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे, इंदुरातच राहते आणि आमच्या घरी तेलं उकळण्याची रीत आजीपासून चालत आलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पानं उकळून केलेला काढा किंवा तिळाच्या तेलात सिद्ध केलेली वनस्पती बहुतेकांना सोसते. बाटलीतलं तेल मात्र बहुधा वाफेवर ओढून काढलेलं असतं. वनस्पतीतला फक्त उडून जाणारा भाग त्यात असतो, आणि तो फार मोठ्या प्रमाणात एकवटलेला असतो. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून अंदाज करा. तुळशीची चार पानं चावून खाल्ली तर काही होत नाही, पण म्हणून तुळशीच्या तेलाचे चार थेंब पाण्यातून घ्यायचे नाहीत. कुठलंही इसेन्शियल ऑइल स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नका, मग व्हिडिओत कुणी कितीही खात्रीने सांगो.

आता सासूबाईंचे गुडघे. त्यांच्यासाठी निरगुडीचं तेल करा. निरगुडी आपल्या माळव्यात ओढ्याकाठी, कुंपणाला दिसते. ओळखीच्या माणसाकडूनच आणा. आयुर्वेदातलं जुनं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग कल्क (म्हणजे पानं वाटून केलेला लगदा), चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा. म्हणजे 50 ग्रॅम पानांचा कल्क, 200 मिली तिळाचं तेल आणि 800 मिली निरगुडीचा रस. इतका रस निघत नाही, तेव्हा उरलेल्या भागासाठी पानांचा दाट काढा घाला. भांडं मोठं घ्या, कारण उकळताना फेस वर येतो. आच अगदी मंद. तळाशी कल्क लागू नये म्हणून अधूनमधून हलवत राहायचं. काही तास जातात, घाई केली की कल्क जळतो आणि तेलाला करपट वास धरतो.

तेल झालं हे कसं ओळखायचं? कल्क चमच्याने काढून बोटांत वळून बघा. त्याची सुबक वात वळली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली आणि तडतडली, तर आत पाणी आहे, अजून उकळा. आवाज न करता जळली की तेल तयार. ही परीक्षा टाळू नका. तेलात पाणी राहिलं की महिन्याभरात ते कुबट होतं, बुरशीही धरतं. कोमट असतानाच सुती कपड्यातून गाळून पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर तारीख लिहा. लावताना थोडं कोमट करा, हलक्या हाताने जिरवा, वरून शेक द्या. याने झिजलेला सांधा भरून येत नाही, पण जखडलेपणा कमी होतो आणि रात्री झोप लागते. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे.

त्याच रीतीने केसांसाठी माक्याचं तेल होतं, तिळाच्या किंवा खोबरेल तेलात. रोझमेरीबद्दल तुम्ही विचारलंय. 2015 साली इराणमधल्या एका चाचणीत शंभर जणांवर सहा महिने रोझमेरी तेल आणि केसगळतीवरचं औषध 2 टक्के मिनॉक्सिडिल यांची तुलना झाली, आणि दोन्हींचा परिणाम साधारण सारखा आला. चाचणी लहान होती आणि ती पुरुषांतल्या टकलेपणावर होती, तुमचं गळणं वेगळं असू शकतं. बाळंतपणानंतर दीड वर्षानेही केस जात असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. लोह कमी असेल तर कुठलंही तेल ती कसर भरून काढणार नाही.

सर्दी-खोकल्यासाठी तुमच्या अडुळशाइतकं चांगलं झाड नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध यातल्याच व्हॅसिसिन या द्रव्यावरून तयार झालं. पानं कच्ची पिळली तर रस निघत नाही, म्हणून वाफवून किंवा तव्यावर मऊ करून पिळा आणि दोन चमचे रस मधातून मोठ्यांनी घ्या. गरोदरपणात अडुळसा टाळा. साधा काढा हवा असेल तर 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेलं प्रमाण चांगलं आहे: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरं एक. चिमूटभर पूड, कपभर पाणी, दिवसातून एक-दोनदा, बस. गुळवेल मात्र महिनोन्महिने पिऊ नका. कोविडच्या काळात तसं करणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

सासूबाईंच्या काढ्यात ज्येष्ठमध घालू नका. घशाला ते उत्तम, पण त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरातलं मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब वाढवतं. बीपीच्या माणसाला रोज ज्येष्ठमध देणं म्हणजे त्याच्या गोळीच्या विरुद्ध औषध देणं.

सामान इंदुरातल्या सियागंज किंवा मारोठिया बाजारातल्या जुन्या पंसाऱ्याकडून, म्हणजे काष्ठौषधं विकणाऱ्या दुकानदाराकडून, घ्या. तिथे हिंदीत मागावं लागतं, म्हणून ज्येष्ठमधाला मुलेठी, वेखंडाला बच, माक्याला भृंगराज म्हणा. दळलेली पूड शक्यतो नको, अख्खी काष्ठं घ्या. सुंठ मोडून बघता येते, वास घेता येतो. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही.

आता त्या बारा बाटल्या. लेबलवर वनस्पतीचं लॅटिन नाव, कुठला भाग वापरला, कसं काढलं आणि मुदत लिहिली आहे का ते बघा. बाराही तेलांची किंमत सारखीच असेल तर मला शंका येते. गुलाब आणि गवती चहा एका भावात मिळूच शकत नाहीत, तो बहुधा नुसता सुवास असतो. जी खरी वाटतील ती मोठ्यांच्या कातडीवर एक टक्क्यापर्यंत वापरा. एक मिलीलीटरचे साधारण वीस थेंब होतात, म्हणजे 30 मिली खोबरेल तेलात सहा थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लिंबाचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नका, इथल्या मे महिन्यात तर मुळीच नाही. कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. लवंगेचं तेल दुखऱ्या दाताला थोडा वेळ आराम देतं, पण तसंच हिरडीवर टाकलं तर हिरडी पोळते. टी ट्री जुनं झालं, हवा लागली की अंगावर पुरळ आणतं, म्हणून बाटली लहान घ्या आणि लवकर संपवा.

पंसाऱ्याकडे तुम्हाला अमृतधारेची कृतीही ऐकायला मिळेल: सत पुदिना (पुदिन्याचा अर्क, मेंथॉल), सत अजवायन (ओव्याचा अर्क, थायमॉल) आणि भीमसेनी कापूर समभाग. तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की पाण्याच्या थेंबाशिवाय त्यांचं तेल होतं, कारण एकत्र आल्यावर तिघांचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. मोठ्यांनी रुमालावर टाकून हुंगायला चांगलं आहे. पण दीड वर्षाचं मूल चालायला लागलेलं असताना मी तरी ते घरात करणार नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, एखाद्या ग्रॅमने जीवही जाऊ शकतो. निलगिरीचं तेलही असंच धोक्याचं. गुडघ्यांसाठी पुष्कळ जण आणतात ते गंधपुऱ्याचं (विंटरग्रीन) तेल त्याहून वाईट: एका चहाच्या चमच्यात वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य, असतं. म्हणून सासूबाईंसाठी निरगुडी सांगितली.

बाळासाठी यादी लहान आहे. दोन वर्षांखाली कापूर, पुदिना सत किंवा निलगिरी छातीला, नाकाला लावू नका, कापराची पोटलीही उशाशी नको. गरम पाण्याच्या भांड्यासमोर मुलाला वाफ देऊ नका. सर्दीपेक्षा भाजण्याची भीती मोठी. वेखंड टाळूला लावायची आपल्याकडे रीत आहे, ती ठेवा हवी तर, पण घुटीत उगाळून देऊ नका. त्यातल्या बीटा-ॲसॅरोन या घातक द्रव्यामुळे अमेरिकेत 1968 पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. लसूण तेलात घालून बाहेर साठवू नका, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि ते कानात तर घालूच नका. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. श्वास जलद चालला, फासळ्या आत ओढल्या गेल्या किंवा बाळ दूध घेईना, तर काढ्या-तेलांचा विचार सोडून लगेच डॉक्टरांकडे जा. चुकून कुठलं तेल प्यायलं गेलं तर उलटी करवू नका. 108 ला (रुग्णवाहिकेला) फोन करा, आणि बाटली सोबत न्या, म्हणजे काय पोटात गेलं ते डॉक्टरांना लगेच कळेल.